वॉर्डातलं डोहाळजेवण

बोईसरच्या आमच्या त्या जुन्या हॉस्पिटलात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक फोटो आहे. सारख्या रंगाच्या साड्या नेसलेल्या बाया, मधोमध झेंडूच्या माळांनी मढवलेली चाकाची खुर्ची, आणि त्या खुर्चीत हिरव्या साडीतली एक पोटुशी बाई. खाली लिहिलंय, 'महिला सहाय्यक मंडळाच्या सेवाकार्याचा शुभारंभ'. कडेला दाराच्या चौकटीत अर्धा चेहरा कापला गेलेली जी मुलगी दिसते ती मी. खुर्चीतली बाई माझी वहिनी. आणि ज्याला शुभारंभ म्हटलंय, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाला हॉस्पिटलातून हाकलून दिलं होतं.

मध्यंतरी मंडळाच्या हल्लीच्या बायका माझ्याकडे आल्या होत्या. "ताई, मंडळाच्या इतिहासाबद्दल चार शब्द लिहून द्या. प्रेरणादायी असू देत." मी लिहून दिलं. त्यांनी वाचलं, चहा प्यायल्या आणि गेल्या. स्मरणिकेत माझ्या पानावर गुलाबाचं चित्र छापून आलं. तर तो इतिहास आता इथे लिहिते. गुलाब वगळून.

साठचं दशक सरत आलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, आणि जिथे पूर्वी गवत कापायला माणसं जायची तिथे कॉलनी उभी राहिली होती. तारापूरच्या अलीकडे आमचं गाव. केळीच्या, चिकूच्या वाड्या, पलीकडे खाडी, खाडीकाठी मिठागर. गावातली मी पहिली पदवीधर. पहिली मुलगी नव्हे, पहिली. हे मी दरवेळी सांगते आणि जिवंत असेपर्यंत सांगणार, कारण ते मी मिळवलंय, मला कुणी ओटीत घातलेलं नाही. मुंबईला मामाच्या घरी जिन्याखाली बसून अभ्यास करून बी. ए. झाले. परत आले तेव्हा गावातली माणसं नवीन पंप बघायला यावीत तशी मला बघायला आली. पंपाने निदान पाणी तरी काढलं असतं. मी बोईसरच्या शाळेत शिक्षिका झाले आणि तिथेच एक खोली घेऊन राहिले.

वहिनीला सातवा महिना होता. तिचं आधीचं मूल घरच्या बाळंतपणात गेलं होतं, आणि ती स्वतःही जाता जाता राहिली होती. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नसे. या खेपेला तिचे पाय सुजले, चप्पल घालता येईना, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी कुणालाही न विचारता तिला टांग्यात घालून हॉस्पिटलात आणलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितलं, "बाळंत होईपर्यंत ही इथेच पडून राहील. मिठाचा कण पोटात जाता कामा नये. घरी नेलंत तर दोघांतलं एक तरी जाईल, आणि कोणतं ते मी सांगू शकणार नाही." आज डॉक्टर मिठाचं एवढं मनावर घेत नाहीत म्हणे. तेव्हा घेत होते, आणि आमच्यासाठी तेच वेदवाक्य होतं.

आईला काही हे पटलं नाही.

"पडून काय ऱ्हायाचं? आमी काय बाळंतपणं केली नाय? तू काय इस्पितळात जनमलीस?"

"आणि गेल्या खेपेला काय झालं?" मी म्हटलं.

दादा अंगणातल्या फणसाकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिला. पण तुजी जबाबदारी. काय इपरीत झालं तर मी छकडा घेऊन येतो नि तिला घरी नेतो. मग बी. ए. दाखवू नको मना."

आता अडचण बघा. हॉस्पिटलात स्वयंपाकघर नव्हतं. पेशंटच्या माणसांनी आवारातल्या चिंचेखाली तीन दगड मांडून रांधायचं किंवा घरून डबा आणायचा. मनोरकडची, डोंगरातली माणसं तर भांडीकुंडी घेऊनच यायची, पेशंट दाखवायला आली आहेत की बिऱ्हाड करायला असं वाटावं. आमचं गाव लांब. आईला वाडी सोडता येत नव्हती. सकाळची पेज आणि रात्रीचा डबा मी करायचे, पण दुपारी मी शाळेत. दुपारचं अळणी जेवण कोण आणणार, एवढाच प्रश्न होता. एका बाईचं एक जेवण.

अशात शाळेच्या बक्षीस समारंभाला कॉलनीतल्या एका बड्या साहेबांच्या पत्नी आल्या. पुण्याकडच्या. भाषणात म्हणाल्या, "आम्हां भगिनींना या मागास भागासाठी काहीतरी करण्याची तळमळ आहे." मी समारंभ संपायची वाट पाहिली आणि चहाच्या टेबलापाशी त्यांना गाठून म्हटलं, "बाई, तळमळ असेल तर हॉस्पिटलात दुपारचा एक डबा हवाय. अळणी."

अशा रीतीने मंडळाची स्थापना झाली.

पहिली सभा बाईंच्या बंगल्यावर. त्याच अध्यक्ष झाल्या, म्हणजे त्या होत्याच, फक्त टाळ्या वाजायच्या होत्या. सभेत मंडळाच्या नावावर चर्चा झाली. मग साडीच्या रंगावर. आकाशी की मोतिया यावर नागपूरकडच्या एक बाई आणि कोल्हापूरकडच्या एक बाई यांचं असं बिनसलं की पुढे कित्येक दिवस त्या एकमेकींशी अध्यक्षीणबाईंमार्फत बोलत होत्या. मग बिल्ला असावा की नसावा. कोकम सरबत झालं. वांगीभात झाला. मी मध्ये मध्ये हात वर करत होते.

"डब्याचं काय?"

"अहो, डबा काय, तो होईलच," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्ही इथल्याच का? वाटत नाही हो. किती शुद्ध बोलता!"

"इथलीच. आमच्या खाडीचं मीठ तुमच्या वांगीभातात आहे."

त्यांनी मला चिटणीस केलं. इथल्या लोकांची भाषा येते म्हणून.

पण जे खरं ते लिहिलं पाहिजे. डबा सुरू झाला आणि वेळेवर यायला लागला. बायांनी पाळ्या लावून घेतल्या. कॉलनीची जीप दुपारी हॉस्पिटलाच्या दारात थांबायची आणि उत्तरेकडचा ड्रायव्हर वॉर्डाच्या खिडकीतून ओरडायचा, "भाभीजी, आज नागपूरवाली मेमसाब का डब्बा है, संभाल के!" कारण नागपूरच्या बाई मीठ घालत नसत, पण त्याची कसर तिखटात भरून काढत. कोल्हापूरच्या बाई दुधातले प्रकार पाठवत. अध्यक्षीणबाईंचा डबा त्यांची स्वयंपाकीणच करायची, पण झाकणावर रुमाल बांधायच्या त्या स्वतः.

वहिनी हे सगळं गिळायची आणि सूज उतरत चालली होती. मिठागराच्या गावची बाई ती, तिच्या जिभेचे हाल मला समजत होते. "बाय," ती मला म्हणायची, "मना सपनात सुकट येते गो. भाजलेली. वास पण येतो." एकदा ती आपल्याच मनगटावरचा घाम चाटताना मला दिसली. मी बघितलं नाही असं केलं.

शेजारच्या खाटेवरच्या पोरीची आजी किनाऱ्यावरच्या पाम गावची होती. तिच्या कमरेला एक पोतडी असायची आणि त्या पोतडीत भाजलेले बोंबील. त्यांच्या वासाने वहिनी कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडायची.

एवढ्यावर सगळं नीट चाललं असतं. पण डब्याचं दुःख असं की त्यात बघण्यासारखं काही नसतं. आला, खाल्ला, धुतला. त्याचा समारंभ होत नाही. मुंबईहून कुणी मोठ्या पाहुण्या येणार असल्याची बातमी आली आणि मंडळाला एकदम जाणवलं की आपल्या सेवेला काही रूपच नाही. पडदे शिवायचे ठरले, पण वॉर्डाला खिडक्या दोनच. फळवाटप ठरलं, पण चिकूंच्या प्रदेशात चिकू वाटताना पाहुण्यांपुढे शोभणार कसं? शेवटी अध्यक्षीणबाईंना सुचलं.

"डोहाळजेवण! वॉर्डातल्या सगळ्या गर्भवतींचं एकत्र डोहाळजेवण!"

टाळ्या. साडीच्या वेळेला झाली नव्हती एवढी एकी.

मी उठून म्हटलं, "तिथे एका बाईला मीठ चालत नाही."

"अहो, हे काय सांगायला हवं? तिचं ताट पूर्ण वेगळं. मी स्वतः बघेन. आणि डॉक्टरीणबाईंची परवानगी मी घेतेय."

परवानगी त्यांनी घेतली. अळणी ताटाच्या अटीवर मिळाली. मी वहिनीला सांगितलं, तुला नको असेल तर मी सरळ नाही म्हणते. आमच्या घरी या खेपेला कुणी तिच्या पोटाकडे बघून हसलंही नव्हतं. गेलेल्या मुलाची आठवण नको म्हणून सगळे असे वागत होते, जणू तिला नुसतं अपचन झालंय.

"मना पण हिरवी साडी नेसवतील?" तिने विचारलं.

मग मी कशाला नाही म्हणते.

कार्यक्रमाच्या दिवशी वॉर्डाला लग्नघराचं रूप आलं. झोपाळा बांधायला जागा नव्हती, म्हणून चाकाची खुर्ची फुलांनी मढवली होती. एकेका गर्भवतीला खाटेवरून उठवून खुर्चीत बसवायचं, ओटी भरायची, फोटो काढायचा, खाली उतरवायचं, पुढची. न्हाव्याच्या दुकानातसुद्धा माणसाला जरा जास्त वेळ बसू देतात. पेढा आणि बर्फी वाट्यांखाली झाकून मुलगा की मुलगी तेही विचारून झालं. पाहुण्या खूश होत्या. डॉक्टरीणबाई बाहेर ओपीडीत अडकल्या होत्या. वहिनीचं ताट खरोखरच वेगळं होतं, अध्यक्षीणबाईंनी शब्द पाळला होता. ताटाभोवती रांगोळी, ताटात अळणी भात, अळणी वरण, अळणी भाजी, शिरा. त्या ताटात मिठाचा कणही नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

आणि मग वहिनीला खुर्चीत बसवून घास भरवायची वेळ आली.

डोहाळजेवणात प्रत्येक सवाष्ण गर्भवतीला आपल्या हाताने एक घास भरवते. त्याशिवाय ते डोहाळजेवण कसलं? आणि आपण भरवायचा तर घास आपण केलेल्या पदार्थाचाच हवा, रांगोळीतल्या त्या फिक्या ताटातला कोण उचलणार? नागपूरच्या बाईंनी वडाभाताचा एक घास दिला. कोल्हापूरच्या बाईंनी कैरीच्या लोणच्याची एक फोड. कुणी पापडाचा तुकडा, कुणी कुरडई, कुणी मिरगुंड. प्रत्येकीच्या मनात एकच हिशेब, आपल्या एका घासानं काय होणार आहे! आणि तो हिशेब तिथे जमलेल्या झाडून सगळ्या जणींनी केला. पाहुण्यांनीही केला. मी दारापाशी गर्दीत अडकले होते, "अहो, नको, नको" म्हणत होते, आणि त्या गलक्यात माझं ओरडणं त्यांना उखाण्याचा आग्रह वाटत होता. शेवटी पामच्या आजीने पोतडीतून बोंबील काढला. "घे गो माजे बाय, सगल्यांनी दिला, मी काय मेली हाय?"

वहिनीने कुणालाच नाही म्हटलं नाही. भरवलेला घास परत करायचा नसतो. आणि खरं सांगायचं तर त्या बोंबलाला तिने तोंड उघडलं ते रीतभात म्हणून नव्हे. तिचा चेहरा मी बघितला होता. फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला आणि आज तो भिंतीवर आहे. लोक म्हणतात, काय तृप्ती आहे बघा चेहऱ्यावर!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज घेऊन गेले, तर वहिनी डोकं गच्च धरून पडली होती. पाय परत टरटरलेले. म्हणाली, "बाय, तू दोन दिसतेस गो." डॉक्टरीणबाईंचा आवाज त्या दिवशी रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. त्यांनी वॉर्डातली तोरणं स्वतःच्या हाताने ओढून काढली आणि फर्मान काढलं. मंडळाला वॉर्डात पाय ठेवायला बंदी. बाहेरून आलेल्या डब्याला बंदी. या बाईच्या पोटात जाईल ते आवारात, त्यांच्या डोळ्यांदेखत शिजेल.

म्हणजे माझी पेज गेली, रात्रीचा डबा गेला, आणि दुपारचा तर गेलाच. एखादा दिवस मी रजा घेऊन रांधलं असतं, पण बाळंतपणापर्यंत वहिनीजवळ हॉस्पिटलात बसून रांधायला माणूसच नव्हतं. मी गावी दादाला निरोप पाठवला, आणि निरोपाचं उत्तर आलं ते असं, की उद्या दुपारी छकडा घेऊन येतो.

संध्याकाळी मी अध्यक्षीणबाईंच्या बंगल्यावर गेले. त्या आरामखुर्चीत बसल्या होत्या.

"अहो, पाहुण्यांनी किती कौतुक केलं म्हणून सांगू! मुंबईच्या पेपरात येणार आहे. फक्त डॉक्टरीणबाईंचा स्वभाव जरा... तुम्ही समजवा ना त्यांना. त्या तुमचं ऐकतात."

मी म्हटलं, "बाई, फोटो छानच येईल. माझी वहिनी त्यात असेल. त्यानंतर असेल की नाही ते मला आज सांगता येत नाही. उद्या तिचा नवरा छकडा घेऊन येतोय. घरी नेली तर तिथे डॉक्टर नाही, आणि तिचं पहिलं मूल तिथेच गेलंय. तुम्ही दोन घास भरवलेत की तीन ते मला माहीत नाही, पण तुम्हाला आठवत असेल."

मी चहा न घेता निघाले. आमच्याकडे हा फार मोठा अपमान समजतात. त्यांच्याकडे बहुतेक नुसतं चहा वाचला असं समजत असतील.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा काढली, सकाळची पेज चिंचेखाली रांधून दिली आणि खोलीवर वाट बघत बसले. दुपारी दादा छकडा घेऊन आला, बरोबर आई. छकड्यात गवत पसरून वर गोधडी घातलेली. आम्ही आवारात शिरतोय तर चिंचेखाली धूरच धूर. धुरात मोतिया रंगाची साडी. अध्यक्षीणबाई रॉकेलचा स्टोव्ह घेऊन उकिडव्या बसल्या होत्या आणि त्याला पंप मारत होत्या. स्टोव्ह भडकत होता, त्या मागे सरत होत्या, परत पुढे येत होत्या. शेजारी ड्रायव्हर कपाळाला हात लावून उभा, "मेमसाब, पिन मारिये, पिन!" आणि दारात डॉक्टरीणबाई हाताची घडी घालून पहारा देत होत्या.

दादाने बैल थांबवले. "ही बाय कोण गो?"

"आमच्या मंडळाच्या अध्यक्षा. मोठ्या साहेबांची बायको."

दादा छकड्यातून उतरला. "हिला रांधता येत नाय."

"नाही येत."

"मग कशाला बसलीय?"

"वहिनीसाठी."

डॉक्टरीणबाई पुढे आल्या. भात खाली लागला होता, वर कच्चा होता, वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. त्या म्हणाल्या, "आधी तुम्ही खा." अध्यक्षीणबाईंनी तो अळणी, अर्धाकच्चा भात तिथेच, चिंचेखाली, सगळ्यांदेखत खाल्ला. घशाखाली उतरेना, पण खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराचं असेल. मी खात्री देत नाही.

आईने पदर खोचला. "सरा तिकडं," ती अध्यक्षीणबाईंना म्हणाली. "साहेबाची बायको ना तुमी? मग हे असं वरण? अळणी म्हंजे बेचव नाय. जरा आंबट घाला, जरा नारळ घाला." आणि आपण तिथेच बसली. वहिनीला आत जाऊन बघून आली आणि दादाला म्हणाली, "छकडा घेऊन जा. वाडीला पाणी तू घाल. मी हीतंच हाय."

"वाडी?" दादा म्हणाला.

"वाडी काय मरत नाय."

दादाने गोधडी तेवढी वहिनीच्या खाटेवर नेऊन टाकली आणि बैल फिरवले.

त्या दिवसापासून मंडळाचा नियम झाला. जिची पाळी तिने चिंचेखाली येऊन रांधायचं आणि पेशंटच्या आधी, डॉक्टरीणबाईंसमोर, तेच खायचं. मोतिया साडीचा आग्रह आपोआप मागे पडला, धुरात तो रंग टिकत नाही. बऱ्याच जणींना एकाएकी संसाराच्या अडचणी आल्या आणि मंडळ अगदी आटोपशीर झालं. नागपूरच्या आणि कोल्हापूरच्या बाई मात्र टिकल्या आणि स्टोव्हच्या पिनेवरून एकमेकींशी थेट भांडायला लागल्या. आई त्या सगळ्यांवर मुकादमी करायची. अध्यक्षीणबाई तिला 'आईसाहेब' म्हणायला लागल्या आणि आई त्यांना 'ही बाय'. पुढे हॉस्पिटलात स्वयंपाकघर आलं, तरी रांधणारीनं आधी खायचं ही रीत कितीतरी वर्षं चालू राहिली. स्मरणिकेत तिला 'समरसता' असं म्हटलंय.

वहिनीची सूज हळूहळू उतरली. पण तिला आता भीती बसली होती. पामच्या आजीचा बोंबील दिसला तरी ती तोंडावर पदर घ्यायची. डॉक्टरीणबाई येता जाता तिचे पाय बोटाने दाबून बघायच्या, आणि चिंचेखालच्या सगळ्या जणी त्या बोटाकडे बघायच्या.

दिवस भरायच्या थोडं आधीच, भर दुपारी, वहिनी मोकळी झाली. मुलगी. लहानखुरी, पण आवाज असा की जीपचा ड्रायव्हर बाहेरून ओरडला, "बधाई हो! इंजन चालू है!" आई दाराला धरून उभी होती ती चिंचेखाली पाणी तापवायला पळाली. दादाला निरोप गेला, तो आला, मुलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाक तुजं हाय. आता हीपण बी. ए. होते का काय?" मी म्हटलं, होईलच.

दोन्ही जीव सुखरूप आहेत अशी खात्री झाल्यावर काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी मिठाची बंदी उठवली. पहिलं खारट जेवण कुणाचं यावर चिंचेखाली जवळजवळ मारामारीच झाली. अध्यक्षीणबाईंनी अध्यक्षपदाचा वापर मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच केला. स्वयंपाकीण नाही, ड्रायव्हर नाही, स्वतः स्टोव्ह पेटवला, एका झटक्यात. वरण-भात केला आणि शेजारी, आईने शिकवलेली, भाजलेल्या सुकटीची चटणी. त्या शाकाहारी होत्या. नाकाला पदर लावून परतली, पण परतली. रीतीप्रमाणे आधी स्वतः खायला हवं होतं. आईने सुकटीपुरती सूट दिली, वरण-भात खाऊन दाखवा म्हणाली. पण बाई इतक्या लगबगीत होत्या की ताट उचलून सरळ वॉर्डातच गेल्या. मंडळाची वॉर्डबंदी अजून उठली नव्हती. डॉक्टरीणबाई दुसरीकडे बघत राहिल्या.

वहिनी उठून बसली. मुलगी मांडीवर. अध्यक्षीणबाईंनी सुकट घालून पहिला घास कालवला आणि तिच्या तोंडात घातला. वहिनीने डोळे मिटले. आम्ही सगळ्या दारात एकमेकींवर रेलून बघत होतो. तिने चावलं, थांबली, परत चावलं, गिळलं.

"कसं झालंय?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

वहिनी एवढ्या दिवसांत मंडळाच्या बायांना काहीच बोलली नव्हती, चांगलं ना वाईट. तिने डोळे उघडले.

"खारट झालंय बाय," ती म्हणाली. "लय खारट." आणि ताट स्वतःकडे ओढून घेतलं.